आधी खेळून दाखव

माझ्या बहिणीचं घर बेटेगावात आहे. मध्यंतरी तिचा फोन आला, "भाई, तूच समजाव याला. पगार हातात यायच्या आधीच उडवायला निघालाय." भाचा तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे, पाळी बारा तासांची. त्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. आरटीएक्स 3060, पंचवीस हजारांच्या वर, तेही हप्त्यावर.

अशा वेळी घरातले मोठे म्हणतात, गेम म्हणजे फिजूलखर्ची. यूट्यूबवाले म्हणतात, नवं कार्ड घ्या. मशीन उघडून कुणीच बघत नाही. मी भाच्याला म्हटलं, आधी खेळून दाखव.

मशीन म्हणजे कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, म्हणजे 2013च्या सुमाराचा. 8 जीबी रॅमची एकच पट्टी, आणि नंतर बसवलेलं जीटीएक्स 1650 कार्ड. खेळ वॅलोरंट. स्क्रीनच्या कोपऱ्यात वापराचे आकडे दिसतील असं लावलं. धुमश्चक्री सुरू झाली की प्रोसेसर 100 टक्क्यांवर आणि कार्ड पन्नास-पंचावन्नवर! "मामू, म्हणजे कार्ड रिकामं बसलंय?" हो, प्रोसेसरची वाट बघत. कार्ड चित्र रंगवतं. कोण कुठे उभा आहे, हा हिशेब प्रोसेसरचा. वॅलोरंटसारख्या खेळात हिशेबच जड असतो.

हे घरच्या घरी तपासता येतं. रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर महागडं कार्ड लावूनही तेवढ्याच राहतील.

मग वीज. 1650 हे 75 वॉटचं कार्ड, त्याचं मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच भागत होतं. 3060 ला 170 वॉट लागतात आणि कंपनी 550 वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. याच्या डब्यात 290 वॉटचा, तोही त्या मॉडेलच्या खास मापाचा. म्हणजे सप्लाय नवा, कदाचित कॅबिनेट आणि मदरबोर्डही. वर मॉनिटर 60 हर्ट्झचा, सेकंदाला साठाहून जास्त फ्रेम तो दाखवणारच नाही. पंचवीस हजार ही नुसती सुरुवात होती.

कॅबिनेट उघडलं तर पंख्यांवर काळपट धुळीचा थर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या यादीत तारापूर देशातलं सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र होतं. माणसांच्या छातीत काय साचत असेल, हा विचार त्या ब्रशबरोबर मनात येऊन गेला. धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट बदलली, 8 जीबीची जुनी पट्टी आणून दुसऱ्या स्लॉटात बसवली. अडखळणं कमी झालं. पूर्ण गेलं नाही, आणि प्रोसेसर बदलल्याशिवाय जाणारही नाही, हे त्याला साफ सांगितलं.

बहिणीला वाटलं, मी तिची बाजू घेतली. तसं नाही. बारा तास मशीनवर उभा राहिलेला पोरगा रात्री तासभर दोस्तांबरोबर खेळतो, त्यात मला इस्राफ दिसत नाही. उधारीवर चुकीची वस्तू आणण्यात दिसतो. आणि त्याच्या कमाईतून त्याने आपल्या हौसेसाठी काही घेतलं, तर आपण एवढं बिथरायचं कारण काय?

आता तो मदरबोर्ड-प्रोसेसरसाठी पैसे साठवतोय. नंतर कार्डही घेणार म्हणतो, जुनं, स्वस्तातलं. जुन्या बाजारात जपून जावं लागतं. 15 सप्टेंबर 2022ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं पुसूनपासून विक्रीला आली. डेस्कटॉप नुसता सुरू करून दाखवला की होकार द्यायचा नाही. अर्धा तास जड गेम चालवून तापमान बघायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा, बिलावरचा सिरीयल नंबर कार्डाशी ताडायचा.

विरारला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. त्या दिवशी मी बरोबर येणार, असं कबूल केलंय.