आधी डब्याजवळ उभे राहा

बीड जिल्ह्यात ‘नेट गेलं’ हे वाक्य आता ‘लाईट गेली’ इतकंच रोजचं झालं आहे. फरक एवढाच, की लाईट जाते ती सगळ्या गल्लीची. नेट मात्र एकाच घरात पुढच्या खोलीत असतं आणि मागच्या खोलीत नसतं. सकाळी व्यवस्थित चालतं आणि दिवेलागणीला अडतं. मग घरोघरी एकच उपाय चालतो: डब्याचं, म्हणजे राउटरचं, बटण बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. त्यानं भागलं नाही की कंपनीच्या नावानं बोटं मोडायची, आणि शेवटी वैतागून जास्त पैशांचा प्लॅन घ्यायचा. यातून दोष सापडत नाही, कारण तो शोधलेलाच नसतो.

नेट हा आता चैनीचा विषय राहिलेला नाही. पीकविम्याचा अर्ज, २०२१पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी, ई-केवायसी, सीईटीचे आणि प्रवेशाचे अर्ज, सगळ्याला नेट लागतं आणि सगळ्याला शेवटची तारीख असते. लातूरच्या किंवा पुण्याच्या क्लासला पाठवण्याची ऐपत नसलेल्या घरातली मुलं तेच तास मोबाइलवर बघून नीटचा अभ्यास करतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे, पार कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि गावात आजी-आजोबा नि शाळेतली पोरं उरतात. फडातून कोपीवर परतलेल्या आईला पोराचं तोंड बघायला मिळतं ते संध्याकाळीच. त्या वेळी पडद्यावर चेहरा थिजून नुसतं चाक गोल फिरत राहिलं, तर त्या दोघांचा दिवस तसाच जातो. म्हणून घरातलं नेट भरवशाचं असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

विहिरीवरची मोटार पाणी टाकेना, तर आपल्याकडचा शेतकरी लगेच मोटार खोलत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का बघतो, मग स्टार्टर, मग केबलचा जॉइंट, मग फूटव्हॉल्व्ह. एकेक गोष्ट बाजूला काढत तो दोषापर्यंत पोचतो. घरातल्या नेटचंही तसंच आहे. दोष चार ठिकाणी असू शकतो: खांबावरून घरात येणारी लाइन, डबा आणि त्याला मिळणारी वीज, डब्यापासून मोबाइलपर्यंतची हवेतली वाट, आणि खुद्द मोबाइल. यातला कोणता, हे ठरवायला इंजिनिअर लागत नाही.

पहिली तपासणी सगळ्यात सोपी आहे. मोबाइलचा डेटा बंद करा, फक्त वायफाय ठेवा, आणि डब्यापासून चार-पाच फुटांवर उभे राहून व्हिडिओ कॉल लावा. तिथं चालतो आणि आतल्या खोलीत अडतो, तर लाइन चांगली आहे, वाट खराब आहे. डब्याजवळही अडतो, तर दुसऱ्याचा मोबाइल घेऊन बघा. त्याच्यावर चालला तर दोष तुमच्या मोबाइलमध्ये. दोन्हींवर अडला तर लाइन, वीज किंवा डबा. घरात लॅपटॉप असेल तर लॅनची वायर थेट डब्याला लावून बघा. वायरवर धावतं आणि वायफायवर रडतं, म्हणजे निकाल लागला. पाच मिनिटांचं काम आहे, पण याच पाच मिनिटांत अर्धा प्रश्न सुटतो.

आमचं घर अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत आहे. खाली दगडी भिंती, दीड-दोन फूट जाडीच्या, आणि वर माळवद. उन्हाळ्यात या भिंतींसारखं सुख नाही, पण नेटला त्या आडव्या येतात. कंपनीच्या मुलानं वायर जिथून घरात आली तिथंच, पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागं डबा ठोकून दिला होता. भाची मागच्या खोलीत अभ्यास करायची. दिवसा तिचे तास कसेबसे चालत, आणि संध्याकाळी सात वाजले की बंद पडत. डब्याजवळ उभं राहून पाहिलं तर त्याच वेळी सगळं झकास चालत होतं. म्हणजे लाइनचा दोष नव्हता. मग दोन प्रश्न उरले: मागच्याच खोलीत का, आणि संध्याकाळीच का?

पहिल्याचं उत्तर भिंतीत होतं. वायफाय म्हणजे रेडिओ लहरीच. बहुतेक डबे दोन प्रकारच्या लहरी सोडतात: २.४ गिगाहर्ट्झच्या, साडेबारा सेंटीमीटर लांबीच्या. आणि ५ गिगाहर्ट्झच्या, त्यांच्या साधारण निम्म्या लांबीच्या. पहिल्यांवर नेटचा वेग कमी मिळतो, पण त्या भिंतीतून बऱ्यापैकी पार जातात. दुसऱ्यांवर वेग जास्त मिळतो, पण त्या जाड दगडापुढं दम टाकतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अगदी आखूड लहरी भिंतीपलीकडं पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहरी भिंत ओलांडतात हे तेव्हापासून माहीत आहे, पण प्रत्येक भिंत आपला वाटा कापून घेते. लोखंड तर त्यांना पलीकडं जाऊच देत नाही, माघारी फिरवतं. म्हणून लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि आपल्याकडचे पत्र्याचे आडोसे हे वायफायचे खरे वैरी. गावात पत्र्याच्या खोल्या सर्रास असतात. डबा एका खोलीत आणि पोरगं शेजारच्या पत्र्याच्या खोलीत, तर रेंज मिळणार कशी?

दुसऱ्याचं उत्तर शेजाऱ्यांत होतं. या २.४च्या पट्ट्यात वायफायसाठी आपल्याकडं २००५पासून परवाना लागत नाही. म्हणून तो सगळ्यांचा आहे, आणि म्हणूनच तिथं गर्दी आहे. पट्ट्यात १ ते १३ अशी चॅनेल आहेत, पण ती एकमेकांना इतकी खेटून आहेत की एकमेकांत न मिसळणारी अशी १, ६ आणि ११ ही तीनच धरायची. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझरसारखं फुकट अ‍ॅप टाकलं की आजूबाजूचे सगळे डबे कोणत्या चॅनेलवर आहेत ते दिसतं. आमच्या गल्लीतले बहुतेक ६वर बसलेले निघाले. दिवसा घरं रिकामी, त्यामुळे अडचण जाणवत नाही; संध्याकाळी सगळ्यांच्या घरी मालिका, क्रिकेट आणि रील सुरू झाले की प्रत्येक डब्याला बोलण्यासाठी दुसऱ्याचं संपायची वाट बघावी लागते.

उपाय साधे होते. डब्याच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की सेटिंगचं पान उघडतं. तिथं चॅनेल १ केलं आणि रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवली. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, म्हणजे पुढच्या खोलीत ५ आणि मागं २.४ असं ठरवून जोडता येतं. डबा कपाटामागून काढून उंचावर, मोकळ्या भिंतीवर लावला. एवढ्यानं संध्याकाळचं अडणं पुष्कळ कमी झालं. तरी मागच्या खोलीत मोबाइलवरच्या अ‍ॅपमधला सिग्नलचा आकडा उणे ७८ डीबीएमच्या आसपासच राही. हा आकडा उणे ६५पर्यंत असला तर व्हिडिओ नीट चालतो. उणे ७५च्या पलीकडं गेला की कॉल तुटायला लागतो. शेवटी झरोक्यातून लॅनची केबल मागं ओढली आणि घरात पडून असलेला जुना राउटर तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला. त्यातलं डीएचसीपी बंद केलं, कारण घरात पत्ते वाटणारा डबा एकच असावा लागतो. दोन्ही डब्यांवर त्या-त्या पट्ट्याचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवले. भाचीचा तास पुन्हा कधी भिंतीमुळे थांबला नाही. खर्च झाला तो फक्त केबलचा. दुकानदार महागडा रिपीटर दाखवतात, पण दगडी घरात तो मागच्या खोलीत ठेवला तर त्यालाच सिग्नल मिळत नाही. जमेल तिथं केबल ओढावी, हे माझं ठाम मत आहे. आणि प्लॅन वाढवून भिंत पातळ होत नाही, हेही लक्षात ठेवावं.

लाइनचा दोष वेगळा ओळखता येतो. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर असला म्हणजे खांबावरून प्रकाश येतो आहे. लॉसचा लाल दिवा लुकलुकायला लागला म्हणजे प्रकाश तुटला किंवा फारच मंदावला. अशा वेळी डबा कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. केज तालुक्यात नातलगांच्या घरी हा लाल दिवा अधूनमधून लागायचा. लाइनमन आला, त्यानं खिशातून प्रकाश मोजायचं यंत्र काढलं आणि वायर लावली. आकडा उणे २९. साधारण उणे २७च्या खाली गेलं की डब्याला तो प्रकाश धरवत नाही. वायरच्या मागावर गेलो तर दाराच्या चौकटीजवळ ती खिळ्याला गच्च आवळून काटकोनात वाकवलेली. आत केसासारखी काच असते. ती तशी वाकली की प्रकाश त्या वळणातून बाहेर सांडतो. त्यानं तेवढा तुकडा कापला, सैल वळण देऊन नवा जॉइंट केला, आणि आकडा उणे २१वर आला. आठ डीबीचा फरक म्हणजे प्रकाश सहापटीहून जास्त. वरून आलेली वायर मात्र तीच होती.

म्हणून घरातली फायबरची वायर दारात चिमटू देऊ नका, तिच्यावर खाट किंवा पोती ठेवू नका, उंदरांच्या वाटेवरून नेऊ नका. तिचं तोंड उघडं पडलं तर डोळ्यासमोर धरून आत बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

विजेचा दोष सगळ्यात फसवा. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेला आपला जिल्हा, तरी गावातला दाब खालीवर होतोच. त्यात डब्याचा छोटा अ‍ॅडॉप्टर हळूहळू कमजोर होतो. दिवे लागलेले दिसतात, पण चार मोबाइल जोडले गेले की डबा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर वीज खंडित झाली तरी तेच. मग नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात आणि ऑनलाइन परीक्षा तिथंच थांबते. सारखं असं होत असेल तर त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच. आणि चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा डबा पत्र्याला चिकटून किंवा बंद कपाटात ठेवू नका. तापला की तो मंदावतो किंवा बंद पडतो.

एक सावधगिरी. डब्याच्या मागं टाचणीनं दाबायचं बारीक भोक असतं. ते रीस्टार्टचं नाही, रीसेटचं आहे. ते दाबलं की कंपनीनं भरलेलं नाव, पासवर्ड सगळं पुसलं जाऊ शकतं आणि चालू लाइन बंद पडते. पोरांच्या हातून हे फार होतं.

आपल्याकडं एका घरी वायफाय असलं की शेजारची पोरं ओट्यावर येऊन बसतात. बसू द्यावीत, त्यांचाही अभ्यास आहे. पण त्यांना मुख्य पासवर्ड न देता डब्यातलं ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करून द्या. सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्डही बदला, कारण तो पुष्कळ डब्यांवर ठरलेलाच असतो.

एवढं तपासूनही दोष लाइनचाच निघाला, तर तक्रार नेमकी करा. ‘नेट चालत नाही’ म्हटलं की पलीकडून ‘डबा बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर येतं. वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, लॉसचा दिवा कसा होता, वायरवर वेग किती आला. मग फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीला तक्रार केंद्र आणि त्याच्यावर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो, आणि अपील करायला पैसे पडत नाहीत. हा हक्क आपल्या जिल्ह्यात फारसा कुणी वापरत नाही. वापरायला हवा.

शेवटी एक विनंती, विशेषतः आयटीआय, पॉलिटेक्निकच्या मुलामुलींना. हे सगळं तुम्हाला येतं, किंवा एका दुपारी शिकता येईल. दिवाळीनंतर टोळ्या गेल्या की गावातल्या ज्या घरात नुसती म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात, तिथं एकदा जाऊन या. डबा कुठं लावलाय, वायर कुठं चिमटलीय, अ‍ॅडॉप्टर ठीक आहे का, एवढं बघा. आजीला लाल आणि हिरव्या दिव्याचा अर्थ सांगा, आणि लाल दिवा लागला तर कोणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.