फिरते पाते आणि फेऱ्यांचे गणित

२३ एप्रिल २०२३ रोजी, मंदिराचे दरवाजे उघडण्यास दोन दिवस उरले असताना, केदारनाथच्या हेलिपॅडवर एक शासकीय अधिकारी हेलिकॉप्टरच्या शेपटाच्या फिरत्या पंख्याचा आघात होऊन मरण पावला. तो उत्तराखंडच्या नागरी विमान वाहतूक विकास प्राधिकरणाचा वित्त अधिकारी होता आणि यात्रेच्या तयारीची पाहणी करण्यासाठीच तेथे गेला होता. ‘यात्रेकरू अडाणी असतात, सूचना ऐकत नाहीत’ हे नेहमीचे स्पष्टीकरण या मृत्यूपुढे लंगडे पडते.

या मार्गावर १८ ऑक्टोबर २०२२ आणि १५ जून २०२५ रोजी हेलिकॉप्टर कोसळून प्रत्येकी ७ जण दगावले. दुसऱ्या अपघातातील मृतांत महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते. आकाशातील अशा अपघातांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु जमिनीवर उभ्या असलेल्या यंत्राचा धोका आपल्या हिशेबातच नसतो.

या सेवेत चालणाऱ्या लहान हेलिकॉप्टरची डोक्यावरची पाती मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतात, तर शेपटाचा पंखा २००० हून अधिक. एवढ्या वेगात पाते डोळ्यांना दिसेनासे होते. गोंगाटात हाक ऐकू येत नाही आणि धुळीने डोळे मिटतात. वेग मंदावू लागला की मोठी पाती खाली झुकतात. वाऱ्याच्या झोताने ती माणसाच्या उंचीपर्यंत येऊ शकतात. उतारावर चढाच्या बाजूने येणाऱ्याचे डोके तर आपोआपच पात्याजवळ जाते. म्हणून नियम साधे आहेत: खुणेशिवाय पाऊल टाकू नये, वैमानिकाच्या नजरेसमोरून वाकून जावे, हातातील काठी आडवी धरावी, उडालेल्या टोपीमागे धावू नये आणि शेपटाकडे कधीही फिरकू नये.

पण मूळ प्रश्न वेगळाच आहे. माणसे चढत-उतरत असताना पाती फिरतात तरी का? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यात दर वेळी काही मिनिटे जातात. शिवाय इंजिनाचे आयुष्य ते किती वेळा सुरू झाले यावरही मोजले जाते. पर्वतातील स्वच्छ हवामानाचे तास थोडे, तिकीट दर माणशी, म्हणजे जितक्या फेऱ्या अधिक तितके उत्पन्न अधिक. वाचलेली मिनिटे कंपनीच्या जमेस लागतात, धोका मात्र माणसांच्या नावे पडतो. खर्च दुसऱ्यावर ढकलून मिळवलेल्या अशा नफ्याला कार्यक्षमता म्हणता येणार नाही.

हा धोकाही सर्वांना सारखा वाटून येत नाही. यात्रेकरू पात्याखालून मोजक्याच वेळा जातो. दार उघडणारा, वृद्धांना हात धरून नेणारा कामगार दिवसभर त्याखाली वावरतो. यात्रा वर्षातून सुमारे सहा महिन्यांची, म्हणून त्याचे कामही हंगामी. घाईला नकार देण्याची ताकद त्याच्यापाशी कोठून येणार?

हे अटळ आहे, असे मात्र नाही. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांवर कामगार हेलिकॉप्टरनेच ये-जा करतात. समुद्रातील अशा फलाटांवर पुष्कळदा पाती फिरत असतानाच चढउतार होते. परंतु प्रवाशांना आधी शिकवलेले असते आणि उतरण्याच्या जागेची जबाबदारी नेमून दिलेल्या माणसावर असते. जिथे आयुष्यात प्रथमच हेलिकॉप्टर पाहणारी वृद्ध माणसे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत उतरतात, तिथे तर व्यवस्था याहून कडक हवी.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. यात्रेच्या हेलिपॅडवर पाती थांबल्याखेरीज चढउतार होऊ नये. शेपटाच्या बाजूला कोणी जाऊच शकणार नाही असा अडथळा असावा. तासाच्या फेऱ्यांना मर्यादा घालावी. हेलिपॅडवरील कामगाराला प्रशिक्षण, विमा आणि चढउतार थांबवण्याचा अधिकार द्यावा. यामुळे तिकीट महागेल, असा आक्षेप येईल. महागू द्या. आज ती किंमत तिकिटावर छापलेली नसते एवढेच. कोणीतरी ती भरतच असतो. ‘सावध राहा’ असा फलक लावून व्यवस्थेची जबाबदारी संपत नाही.