तुम्हाला हातात किती पाहिजेत?

बदलापूरला पूर्वेच्या बाजूने स्टेशनबाहेर पडलं की रिक्षांच्या गर्दीपलीकडे इस्टेट एजंटांची दुकानं सुरू होतात. आत एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गजानन महाराज, आणि काचेवर चिकटवलेले कागद: ‘वन आरके, वन बीएचके, रिसेल, भाड्याने, हेवी डिपॉझिट, लोन करून मिळेल’. आयुष्यातली सगळ्यात महाग वस्तू आपण ज्या टेबलावर विकतो, त्याच टेबलावर झेरॉक्स मिळते, पॅनकार्ड काढून मिळतं आणि रिचार्जही मारून मिळतो.

गेल्या काही काळात या टेबलाशी माझा चांगलाच संबंध आला. बदलापूरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, तेव्हा मालकीण म्हणून. नणंदेला उल्हासनगरात घर हवं होतं, तेव्हा तिच्यासोबतचं गिऱ्हाईक म्हणून. आणि बाबांच्या पश्चात अंबरनाथचं घर विकायला काढलं, तेव्हा विकणारी म्हणून. एजंट खोटं बोलतात, ही तक्रार घराघरांत ऐकू येते. माझी तक्रार जरा वेगळी आहे आणि ती अर्धी आपल्याबद्दलच आहे. एजंट पैसे घेतो ते कुलूप उघडून घर दाखवण्याचे. हे काम वॉचमनही करतो. त्याला खरोखर जे कळतं, ते आपण त्याच्याकडे मागतच नाही.

विकायला गेलं की पहिला प्रश्न घराबद्दल नसतोच. “मॅडम, तुम्हाला हातात किती पाहिजेत?” इतक्या मायेने विचारतात, की भाऊबीज घालायला आल्यासारखं वाटावं. अर्थ असा, की तुम्ही २६ लाख म्हणालात की तुमचा हिशोब तिथे संपला. करारात २६ लिहायचे, घेणाऱ्याला २८ सांगायचे, वरचे दोन परस्पर रोख घ्यायचे, आणि शिवाय दोन्हीकडून ठरलेली दलाली आहेच. या प्रश्नाला एकच उत्तर द्यावं: हातात काही नको, सगळं चेकने, आणि आकडा पार्टीसमोर.

ही पार्टी हेही एक गूढच. ती कायम रेडी असते, कधी खाली उभी असते, कधी गावाहून निघालेली असते, आणि आपण दोन लाख कमी केले तर संध्याकाळीच टोकन द्यायला तयार असते. ‘एजंटांनी फोन करू नये’ असं ठळक लिहून मी घराची जाहिरात ऑनलाइन टाकली. त्यावर फोन आले ते बहुतेक एजंटांचेच, आणि प्रत्येकाकडे पार्टी होती. आठवडाभरात तेच घर, तेच फोटो, वेगवेगळ्या आकड्यांनिशी व्हॉट्सअॅपवर फिरून माझ्या मावसभावापर्यंत पोचलं. त्याने ते मलाच पाठवलं, “ताई, हे बघ, तुमच्याच एरियात स्वस्तात मिळतंय.”

आता थोडं गणित. घर ३० लाखांचं आणि दलाली एक टक्का धरा, म्हणजे एजंटचे ३० हजार. गिऱ्हाईक २९ लाखांवर अडून बसलं तर विकणाऱ्याचा एक लाख जातो, एजंटचा फक्त एक हजार. म्हणून तो म्हणतो, “मॅडम, सोडून टाका, लाखासाठी पार्टी घालवू नका.” त्याच्या खुर्चीत आपण असतो तर आपणही हेच म्हणालो असतो. दोन्हीकडून दलाली घेणारा माणूस आपल्या बाजूचा असेल, असं धरून चालणं हा आपला भाबडेपणा.

भाबडेपणावरून आठवलं. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. हा नियम आमच्याकडच्या एजंटांना तोंडपाठ आहे. “वहिनींच्या नावावर घ्या, टक्का वाचतोय,” हे ते हिशोबाच्या वहीसकट पटवून देतात. त्याच वहिनी पुढे ते घर भाड्याने द्यायला आल्या की, “साहेब कधी भेटतील?” फ्लॅट माझा, कर्जाचे हप्ते माझे, आणि साहेबांना मीटर कुठे आहे तेही माहीत नाही.

पण या तीन गावांत एजंट उगाच टिकलेला नाही. इथे घराची किंमत भिंतींपेक्षा कागदावर ठरते, आणि कागदाची खबर त्याला असते. उल्हासनगरच बघा. दुसऱ्या महायुद्धातली ही कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिच्या बराकींत आले, १९४९ साली गावाला नाव मिळालं, तरी कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच हे पत्ते अजून चालतात. बराकींच्या जागी मजले चढले, कागद मात्र खालीच राहिले. २००५ साली ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला, पाडण्याचे आदेश निघाले, आणि २००६ साली एकट्या उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत सात माणसं गेली.

हा सगळा इतिहास तिथल्या एजंटने नणंदेला एका वाक्यात सांगितला. “दीदी, लोनवालं घर पाहिजे की कॅशवालं?” तिला वाटलं, पैसे कसे देणार ते विचारतोय. तो घराची जात विचारत होता. लोनवालं म्हणजे नकाशा मंजूर, भोगवटा प्रमाणपत्र आहे, सनद नीट आहे. कॅशवालं म्हणजे यातलं काहीतरी नाही आणि बँक जिन्यापर्यंतही येणार नाही. कॅशवालं घर बरंच स्वस्त होतं, हवेशीर होतं, गोल मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. काय नाही, असं विचारल्यावर त्याने बिनदिक्कत सांगितलं. विचारलं नसतं तर सांगितलं नसतं. ३० वर्षांवरच्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट बघायचा असतो, हेही त्याला ठाऊक होतं. पण आमच्याआधी कोणी मागितला होता का, तर नाही. सगळे टाइल्स आणि किचनचा ओटा बघून गेले होते.

बदलापूरला एजंट भविष्य विकतो. तिसरी-चौथी लाइन येतेय, चिखलोली स्टेशन येतंय, कांजूरमार्गहून मेट्रो येतेय. घर स्टेशनपासून नेहमी पाच मिनिटांवर असतं. ती मिनिटं मोकळ्या रस्त्यावरून मध्यरात्री धावणाऱ्या रिक्षाची असतात. उल्हास नदी मात्र येऊन गेलेली असते, त्याबद्दल तो बोलत नाही. २६ जुलै २००५ ला ती आली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हाही आली. पश्चिमेला नदीच्या अंगाला घर बघायला गेलात तर हॉलचा नवा रंग बघू नका, जिन्याखाली जा. विजेचे मीटर डोक्याच्या वर चढवलेले दिसले की पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. एजंट त्या जिन्यावरून जरा भराभर चढतो. आणि पूररेषेबद्दल, किंवा जीवन प्राधिकरणाचं पाणी दिवसातून किती वेळ येतं त्याबद्दल सरळ विचारलं तर उत्तर देतो. बऱ्याचदा तो स्वतःही तिथेच राहत असतो.

भाड्याच्या व्यवहारात तर एजंटची बदनामी अर्धीअधिक आपल्यामुळे होते. फ्लॅट भाड्याने लावताना शेजारच्या काकांनी सांगितलं, “बॅचलर नको, नॉनव्हेज नको, आपल्यातलेच बघा.” हे तोंडावर बोलण्याची हिंमत काकांत नाही, सोसायटीच्या कमिटीतही नाही. ते काम एजंटकडे. तो फोनवर आडनाव विचारतो, “जॉबला कुठे, घरी कोण कोण, जेवणाचं कसं” असं विचारतो, आणि मग म्हणतो, “रूम कालच गेली.” खोटं त्याच्या तोंडून निघतं, गरज मालकाची असते. निर्लज्जपणाचा शिक्का त्याच्यावर बसतो, त्याच्या मोबदल्यात एक महिन्याचं भाडं आपण देतो आणि एक भाडेकरू देतो. मी माझ्या एजंटला एवढंच सांगितलं की भाडं वेळेवर देणारा माणूस आण, आडनाव मला नको. तो गोंधळला. म्हणाला, “मॅडम, मग पार्ट्या फार येतील.”

कराराच्या बाबतीत तर त्याची मदत हवी तिथेच तो आळस करतो. “नोटरी करून घेऊ, अकरा महिन्यांचंच तर आहे.” अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास ५ हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर वाद झालाच, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करायची पाळी आपल्यावर. खर्च म्हणावा तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून मिळवायचं. ८ हजार भाडं, ३० हजार डिपॉझिट आणि अकरा महिने असं धरलं तर शुल्क तीनशेच्या आत, नोंदणी एक हजार, आणि अंगठे घरबसल्या. पोलिस ठाण्याला भाडेकरूची माहिती कळवायची, तीही ऑनलाइन होते. ‘अॅग्रीमेंटचे तीन हजार’ म्हणणाऱ्याकडे पावत्या मागा.

‘हेवी डिपॉझिट’ हा आमच्याकडचा आणखी एक प्रकार. भाड्याऐवजी एकरकमी काही लाख घ्यायचे आणि घर सोडताना परत करायचे. मालक ते मुलीच्या लग्नात खर्च करून बसतो, मग जुन्याचे पैसे फेडायला नवा हेवी डिपॉझिटवाला शोधावा लागतो. शोधून देणारा एजंट तोच, दलाली दर वेळी नवी.

कायदा या सगळ्याला आवर घालत नाही का? रेरा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू आहे, एजंटला महारेराची नोंदणी लागते, आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं. चांगलीच गोष्ट. पण ही सक्ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्यांसाठी. कॅम्प तीनमधली जुनी चार मजली, अंबरनाथची १९८० च्या दशकातली सोसायटी आणि सगळा भाड्याचा बाजार त्याच्या बाहेर. म्हणजे इथले बहुतेक व्यवहार अजून माणूस बघूनच करायचे.

माणूस कसा बघायचा, ते मला अंबरनाथला कळलं. पूर्वेच्या एका गल्लीत बसणारे हे गृहस्थ, दुकानावर धड पाटीही नाही. मी चावी पुढे केली तर म्हणाले, “चावी राहू द्या, फाइल आणा.” बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हापासून ती फाइल कपाटात होती. त्यांनी ती उभ्याउभ्या चाळली. मूळ बिल्डरचा करार कुठाय? शेअर सर्टिफिकेटवर कोणाचं नाव? आई नॉमिनी आहेत हे ठीक, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. भावाचं हक्कसोडपत्र झालंय का? जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, की अजून बिल्डरच्याच? डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज तरी केलाय का? घर त्यांनी आठवड्याने बघितलं, तेही पाच मिनिटं.

पुढे सोसायटीने ‘बिल्डिंग फंड’ म्हणून घसघशीत आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक काढून समोर ठेवलं. महापालिका हद्दीतही हस्तांतरण शुल्क २५ हजारांच्या वर नाही, नगरपालिकेत त्याहून कमी. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि आकडा खाली आला. दलालीची माझी पूर्ण रक्कम त्या एका कागदात वसूल झाली.

म्हणून मी आता टक्क्यावर घासाघीस करत नाही, कामांची यादी देते. टोकन आलं की दलालीचा पाव हिस्सा, नोंदणी झाली की अर्धा, उरलेला पाव शेअर सर्टिफिकेटवर नवं नाव चढल्यावर. भाड्याचं असेल तर नोंदलेला करार आणि पोलिसांना कळवल्याची पावती हातात आल्यावरच पैसे. दोन-तीन दुकानांत यावर हसू ऐकलं. अंबरनाथच्या गृहस्थांनी मात्र यादी पुन्हा वाचली आणि म्हणाले, “चालेल. तारखा पुढच्या घाला, पण तिन्ही चेक आत्ताच लिहून द्या.” घर त्यांच्याकडेच दिलं.