पिशवी काढण्याआधीचा इलाज

ऊसतोडीला जाण्याआधी गर्भपिशवी काढून टाकायची, म्हणजे हंगामभर कटकट नको, असा सल्ला बीड जिल्ह्यातल्या बायका वर्षानुवर्षे एकमेकींना देत आल्या. २०१९ मध्ये याची देशभर चर्चा झाली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

यामागचे अर्थकारण आता सर्वांना ठाऊक आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता म्हणजे मजुरीचे एक एकक, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, आणि पाळीत एक दिवस बसून राहिले तरी पडणारा दंडाचा खाडा. त्यावर बरेच लिहिले गेले. यातली दुसरी बाजू मात्र मागे पडली. अनेकजणी डॉक्टरकडे गेल्या त्या अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते म्हणून. योनिमार्गाच्या संसर्गाची ही लक्षणे बहुतेक वेळा साध्या गोळ्यांनी बरी होतात. पण या बायकांना कॅन्सरची भीती घालून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले गेले.

या दुखण्याचा आकार सरकारला आधी माहीत नव्हता, असे म्हणायची सोय नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती केवळ आठ टक्क्यांची. बीडचा आकडा आला तो त्यानंतर ३० वर्षांनी!

मधल्या काळात सरकारी यंत्रणेत काहीच घडले नाही असे नाही. प्रयोगशाळा नसली तरी लक्षणांवरून उपचार करता यावेत म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने रंगानुसार औषधांची पाकिटे ठरवली; पांढरे जाण्याच्या तक्रारीवर हिरवे. औषध महाग नाही, उपचारही गुंतागुंतीचा नाही. पण ते पाकीट मिळण्याआधी बाईला रांगेत, गावातल्या चार माणसांदेखत, पुरुष कर्मचाऱ्यापुढे सांगावे लागते की काय होतेय. ती 'अशक्तपणा' सांगते आणि लोहाच्या गोळ्या घेऊन परतते. जिने धीर केला, तिच्या नवऱ्याला कोणी बोलावत नाही. लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असेल तर एकटीवर उपचार करून उपयोग नसतो, महिन्याभरात दुखणे परत येते. गोळ्यांवरचा विश्वास उडतो तो इथे, आणि खासगी दवाखान्यातल्या 'पिशवी काढा'ला वजन येते. त्यात बीजकोषही गेले तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि तरीही डोक्यावर उसाची मोळी असतेच.

बीडमध्ये खासगी दवाखान्यात पिशवी काढण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, हे योग्यच. पण बंदोबस्त झाला तो शस्त्रक्रियेचा, दुखणे होते तिथेच राहिले. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी गावात आणि हंगामात कारखान्याच्या तळावर, ठरलेल्या वारी, महिला डॉक्टर बसलीच पाहिजे. तपासणीला आडोसा हवा, नवऱ्याची तपासणी त्याच दिवशी व्हावी आणि त्या दिवसाचा खाडा पडू नये. बीडमध्ये सुरू झालेला उपचार सांगली-कोल्हापूरच्या फडावर पुढे चालू राहील, अशी नोंदवही बाईच्या हाती द्यावी. साखर कारखान्यांना गाळपाचा परवाना देताना सरकारने ही अट घालावी. येत्या हंगामाआधीच घालावी.