परदेशी प्रदर्शनाला निघालात? तिकिटाआधी दर ठरवा

जर्मनीत दरवर्षी भरणारे 'हॅनोव्हर मेसे' हे औद्योगिक प्रदर्शन भोसरी, चाकण, कोल्हापूरच्या लघुउद्योजकांनाही खुणावते. मात्र अनेकांची तयारी विमानाचे तिकीट आणि हॉटेलपाशीच थांबते. खर्च लाखांत होतो आणि हाती उरतात ती फक्त व्हिजिटिंग कार्डे.

व्हिसा : शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. १५ दिवस आधीची मुदत ही शेवटची, तिच्यावर विसंबू नका. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमाही लागतो.

नमुने : दाखवून परत आणायचे यंत्र किंवा सुटे भाग असतील, तर 'एटीए कार्नेट' घ्या. भारतात ते 'फिक्की' देते. त्यामुळे तिकडे सीमाशुल्क भरावे लागत नाही. वाटून टाकायच्या वस्तू मात्र त्यात बसत नाहीत.

दर : खरी परीक्षा इथेच असते. युरोमध्ये दर किती? माल किती दिवसांत? भाडे कोणाकडे? यावर 'घरी जाऊन कळवतो' म्हणाल, तर ग्राहक शेजारच्या स्टॉलवर जाईल. बंदरापर्यंतचा आणि ग्राहकाच्या दारापर्यंतचा, असे दोन्ही दर निघण्यापूर्वीच काढून ठेवा.

आमचे मत स्पष्ट आहे : हा हिशेब जमत नसेल, तर यंदाचे तिकीट काढू नका. पुढच्या वर्षी तयारीने जा. प्रदर्शन पुन्हा भरेल. बुडालेले भांडवल परत येणार नाही.