तीन पायऱ्या

दवाखान्यात जाताना दारापुढच्या पायऱ्या तुम्ही कधी मोजल्या आहेत का? बहुधा नसतील. आपण बोलत बोलत त्या चढून जातो. मीही कधी मोजल्या नव्हत्या. माझ्या खालाने मला त्या मोजायला शिकवले.

खालाला लहानपणी पोलिओ झाला. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीवर बसून सारी कामे करते. शिवणकाम करून तिने घराला मोठा हातभार लावला. एकदा तिला खोकला झाला आणि ताप आला. मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. दाराशी तीन पायऱ्या होत्या. खुर्ची तिथेच अडली. शेवटी दोघांनी तिला धान्याचे पोते उचलावे तसे उचलून आत नेले. डॉक्टरांनी तिला काही न विचारता मलाच विचारले, "यांना काय होते आहे?" मग सारे प्रश्न तिच्या पायांविषयीच! खोकला बाजूलाच राहिला.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा ताप आला. या वेळी तिने आठ दिवस कोणालाच सांगितले नाही. श्वास घेणे कठीण झाले, तेव्हा न्यूमोनिया झाल्याचे कळले. सुदैवाने ती वाचली. मी तिच्यावर रागावलो, तेव्हा ती म्हणाली, "बेटा, तापाची भीती नव्हती रे. त्या पायऱ्यांची होती."

अपंग माणूस म्हणजे आजारी माणूस, असे पुष्कळांना वाटते. हा समज चुकीचा आहे. अपंग व्यक्तीलाही इतरांसारखीच सर्दी होते, दात दुखतो, मधुमेह होतो. औषध तेच असते. पण औषधापर्यंतची वाट अवघड असते. दवाखान्यात नाव मोठ्याने पुकारले जाते. ज्याला ऐकू येत नाही, त्याचा नंबर निघून जातो. अंध व्यक्तीच्या हाताला गोळ्यांच्या दोन पाकिटांतला फरक कळत नाही. खुर्चीवर बसणाऱ्याला साध्या वजनकाट्यावर उभे राहता येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांच्या हक्कांसाठी १९९५ साली कायदा झाला. त्याच्या जागी २०१६ साली नवा, अधिक व्यापक कायदा आला. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयात अपंग व्यक्तीला अडथळ्याविना जाता आले पाहिजे आणि तिला उपचारात प्राधान्य मिळाले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. म्हणजे ही दया नव्हे, हा हक्क आहे.

काही जण म्हणतात, "असे रुग्ण येतात तरी किती? त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला?" पण पायऱ्या पाहून जो घरीच राहिला, त्याची मोजणी कोण करणार? शिवाय उतार बांधला, तर म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, पाय मोडलेले रुग्ण अशा सर्वांचीच सोय होते. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट धरली, तर अठरा फूट पुरेत. ज्या देशाने घरोघरी जाऊन पोलिओचे डोस पाजले आणि २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले, त्या देशाला अठरा फुटांचा उतार जड नाही.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. नंबर पाटीवर लिहून दाखवता येतो. एका पाकिटाला रबर लावले, की अंध व्यक्तीला औषध ओळखता येते. आणि रुग्णाशी बोलायचे ते त्याच्याशीच बोलावे, सोबत आलेल्या माणसाशी नव्हे.

मुलांनो, तुम्ही मराठीच्या तासाला अर्ज लिहायला शिकता. आपल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या दवाखान्याच्या पायऱ्या एकदा मोजून या. उतार नसेल, तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला एक अर्ज लिहा. शुद्धलेखनाच्या चुका मी तपासून देईन. सही मात्र तुमची असू द्या.