गल्ल्यात कमी, वहीत जास्त

दिवाळी उरकली की कर्जत-खालापूरचा बाजार थोडा बसतो, हे इथल्या दुकानदाराला नवं नाही. कपडालत्ता घेऊन झालेला असतो, फराळाचं सामान संपलेलं असतं आणि वाड्यांवरची कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघून गेलेली असतात. कशेळे, कडाव, चौक इथल्या किराणा दुकानांना त्यांचं जाणं पहिल्या आठवड्यातच जाणवतं. पाव किलो तेल, दहा रुपयांची चहापत्ती, सुक्या बोंबलांचा वाटा असा रोजचा बारीक गल्ला एकदम थांबतो. पण तो पुन्हा सुरू होणार हे ठाऊक असतं, म्हणून कोणी घाबरत नाही.

२०२५ ची ढिलाई तशी नव्हती. ती दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू झाली. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. त्याआधीच्या कित्येक दशकांत तो इतक्या लवकर आला नव्हता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे नेरळ-माथेरानची भरलेली दुकानं, फार्महाउसवर येणारी मुंबईची कुटुंबं, भट्ट्यांवर रचून ठेवलेली कच्ची वीट. ते सगळं पावसात गेलं. मग ऑक्टोबरच्या अखेरीस, भात कापून आडवा पडलेला असताना पुन्हा पाऊस आला. ज्यांचं पीक भिजलं त्यांनी दुकानात सांगून ठेवलं होतं, ‘भाताचे पैसे आले की देतो.’ ते ‘देतो’ पुढच्या हंगामावर गेलं.

या दिवसांत इथल्या दुकानदाराला ‘धंदा कसा आहे?’ असं विचारलं, तर तो गल्ल्याकडे बघत नाही. खालच्या खणातून वही काढतो. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची किंवा शाळेची दोनशे पानी. त्यात नावापुढे आकडे, काही खोडलेले, बरेचसे न खोडलेले. ‘गिऱ्हाईक येतं हो, माल जातो, पैसा येत नाही,’ हे वाक्य मी कर्जतच्या बाजारपेठेत ऐकलं, खोपोलीत ऐकलं आणि खालापूर फाट्यावरही ऐकलं. म्हणून मला वाटतं, इथल्या छोट्या धंद्यांची अडचण नुसती विक्री कमी होण्याची नाही. गावाची सगळी ओढाताण या वह्यांमध्ये येऊन साचते आहे, आणि ती सोसणाऱ्या माणसाच्या मागे कोणीही उभं नाही.

हा भाग पूर्वीपासून थांबणाऱ्या माणसांवर जगला आहे. घाट चढण्याआधी इथे थांबावंच लागायचं. खोपोलीला नाना फडणवीसांनी तलाव आणि देऊळ बांधलं ते याच वाटेवर. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावायची म्हणून ती कर्जतला थांबू लागली, आणि त्या काही मिनिटांच्या थांब्यावर कर्जतचा वडा महाराष्ट्रभर पोहोचला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोली आणि खालापूरची हॉटेलं, पंक्चरवाले, गॅरेजं, रसवंत्या अशाच उभ्या राहिल्या. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि गाड्या फूड मॉलवर थांबू लागल्या. २०२३ मध्ये सोलापूरची वंदे भारत सुरू झाली. तिला घाटात जादा इंजिन लागत नाही आणि ती कर्जतला थांबतही नाही. लॉकडाउनमध्ये तर २०२० च्या मार्चपासून जवळजवळ वर्षभर सर्वसामान्यांसाठी लोकलच बंद होती. स्टेशनबाहेरच्या किती टपऱ्या त्यानंतर उघडल्याच नाहीत, ते तिथून रोज जाणाऱ्यांनी पाहिलं आहे.

थांबणारं गिऱ्हाईक कमी झालं तसा इथला धंदा गावातल्या माणसावर जास्त टेकला. आणि गावातल्या माणसाचाच हात आता आखडला आहे.

२०२५ मध्ये महागाईचा दर खाली आला असं बातम्यांत ऐकलं, ते खरंही होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये देशातली खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती. २०२५ च्या ऑक्टोबरात एकूण किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली. पण दर खाली येणं म्हणजे भाव वाढायचा वेग मंदावणं. आधीच चढून बसलेल्या कितीतरी गोष्टी तिथेच आहेत. घरभाडं, शाळेची फी, दवाखाना, रिक्षा यांतलं काहीच मागे आलेलं नाही. मोबाइलचे रिचार्ज जुलै २०२४ मध्ये वाढले ते वाढलेलेच राहिले. तेल तर २०२५ च्या ऑक्टोबरातही वर्षापूर्वीपेक्षा महागच होतं.

तेलाचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण वडेवाल्याचं सगळं गणित त्याच्या कढईत असतं. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरच्या देशांतून येतं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा खोपोलीतल्या गाडीवाल्याला त्याची झळ काही दिवसांतच बसली. १४ सप्टेंबर २०२४ पासून आपल्याच सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. तेलबिया पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू योग्यच होता. पण ऐन सणासुदीत तेलाचा डबा चढला. मे २०२५ अखेर ते शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं गेलं. या सगळ्या चढउतारात वडेवाला वड्याचा भाव दर आठवड्याला बदलू शकत नाही. दोन रुपये वाढवले की रोजचा मजूर एका वड्याऐवजी नुसता चहा घेतो. मग वडेवाला बटाट्याचा गोळा थोडा लहान करतो, हाताखालचा मुलगा कमी करतो आणि पहाटे चारला स्वतः उठतो. घरातली बाई दिवसभर लसूण सोलते, तिची मजुरी कुठल्याच हिशेबात येत नाही. कित्येक गाड्या आणि टपऱ्या आज अशा न मोजलेल्या मजुरीवर चालल्या आहेत.

आता त्या वहीकडे येऊ. महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत पगार होतात. कंत्राटी कामगाराच्या खात्यात पैसे पडतात आणि त्यातून सर्वात आधी मोटारसायकलचा हप्ता आपोआप कापला जातो. मोबाइलच्या हप्त्याचंही तसंच. बायकांच्या गटाने फायनान्सकडून कर्ज घेतलेलं असेल, तर वसुलीचा माणूस ठरल्या वारी वाडीत येऊन बसतो, आणि एकीने भरलं नाही तर बाकीच्यांनी भरायचं असतं. त्यामुळे तेही चुकत नाही. मग गॅस, रिचार्ज, मुलाची क्लासची फी. या सगळ्यानंतर काही उरलं तर किराणावाला. तो व्याज लावत नाही, चेक बाउन्सचा दंड घेत नाही, दारात येऊन बसत नाही. म्हणून त्याचे पैसे शेवटी. जो सगळ्यात जास्त सांभाळून घेतो, त्यालाच सगळ्यात उशिरा मिळतं. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

यात गिऱ्हाइकाला खोटं ठरवायचं नाही. घरात दोन दिवस पुरेल एवढंच पीठ असताना हप्ता चुकवायची हिंमत कोण करील? पण याच माणसाच्या खिशात रोख पैसे असतात तेव्हा तो कल्याणहून लोकलने येताना पिशव्या भरून आणतो, किंवा मोबाइलवर मागवतो. उधार हवं तेव्हा मात्र गावातलं दुकान. रोखीचं गिऱ्हाईक बाहेर गेलं आणि उधारीचं तेवढं उरलं, अशी इथल्या दुकानदाराची स्थिती झाली आहे.

आणि दुकानदाराला स्वतःला उधार मिळेनासं झालं आहे. पूर्वी वाशी किंवा कल्याणच्या मार्केटातला घाऊक व्यापारी ओळखीवर पंधरा-वीस दिवस थांबायचा. आता बऱ्याच ठिकाणी टेम्पोतून माल उतरवण्याआधी पैसे मागतात. बिस्किटं-साबणाच्या एजन्सीचा पोऱ्या मोबाइलवर ऑर्डर घेतो आणि मागचं बिल बाकी असेल तर पुढची ऑर्डर टाकता येत नाही. म्हणजे माल आणताना रोख आणि विकताना उधार. मधली फट दुकानदार भरतो ती पतपेढीतून, पिग्मी मोडून, नाहीतर घरातलं सोनं ठेवून. त्या कर्जावर तो व्याज देतो. गिऱ्हाइकाकडून मात्र एक पैसा जास्त घेत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं, फरसाण यांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला, चांगलं झालं. पण वर्षाला चाळीस लाखांच्या आत उलाढाल असलेला, नोंदणी नसलेला दुकानदार जुना माल बारा-अठरा टक्के कर भरलेल्या भावाने घेऊन बसला होता. त्याला कराची वजावट मिळत नाही. गिऱ्हाईक दारात येऊन नवा भाव मागू लागलं, तेव्हा त्याने तो माल नव्या भावाने दिला आणि फरक जिथे एजन्सीने भरून दिला नाही तिथे स्वतः सोसला.

कायद्याचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं वेळेत मिळावीत म्हणून आयकर कायद्याच्या ४३ब कलमात तरतूद आली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. खालापूर तालुक्यात मोठ्या कारखान्यांना सुटे भाग, फॅब्रिकेशन, कॅन्टीनचं जेवण पुरवणाऱ्या लहान लोकांसाठी हा मोठा आधार आहे. त्यांनी उद्यम नोंदणी करून बिलावर तो क्रमांक लिहायलाच हवा. पण व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी करता येते, तिचा उपयोग फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. किराणावाल्याची, कापडवाल्याची, हार्डवेअरवाल्याची बाकी कुठल्याच कायद्याच्या वेळापत्रकात बसत नाही. कंत्राटदार घराच्या कामासाठी सिमेंट-पत्रे उधार नेतो, बिल निघालं नाही म्हणून सांगतो, आणि दुकानदार वर्षभर त्याच्या मागे फिरतो.

फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही कर्ज योजना आहे. तिची मुदत २०३० पर्यंत वाढली, पहिलं कर्ज दहाऐवजी पंधरा हजारांचं झालं आणि नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या शहरीकरण झालेल्या भागांतही ती नेण्याचं ठरलं आहे. कर्जत, खोपोली, खालापूर, माथेरान इथल्या पालिका-पंचायतींनी गाड्यागाड्यांवर जाऊन हे अर्ज भरून घेतले पाहिजेत. वडे तळणाऱ्या माणसाला ऑफिसात तीन हेलपाटे घालायला वेळ नसतो.

धबधब्यांवर कणसं आणि भजी विकणाऱ्या ठाकर, कातकरी बायकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला जास्त टोचतो. आषाणे, भिवपुरी, पळसदरी, खोपोलीचा झेनिथ इथे पावसाळ्यात मनाई आदेश निघतात. माणसं बुडतात म्हणून निघतात, हे मान्यच. पण तिथे बसणाऱ्या बाईचं वर्षाचं तेल-मीठ त्या दहा-बारा शनिवार-रविवारांत निघतं. सरसकट बंदीऐवजी ठरावीक जागा, पोहण्याला मनाई, गावातल्याच तरुणांची जीवरक्षक म्हणून नेमणूक आणि दारूबाजांवर कडक कारवाई हे करता येतं. तसं केलं तर जीवही वाचतील आणि तिची चूलही पेटेल.

पैसा गावात आला की काय होतं तेही इथे दिसलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेतून बायकांच्या खात्यात पहिले तीन हजार रुपये पडले, तेव्हा त्यातले बरेच गावच्याच दुकानांत आले. राखी, साडी, मुलाचं दप्तर, आणि हो, जुनी बाकीही. एका दुकानदार काकूंनी मला सांगितलं, ‘त्या महिन्यात बायका आपणहून आल्या आणि म्हणाल्या, आधी मागचं लिहा.’ योजनेचा हप्ता लांबला की त्या दुकानात शुकशुकाट असतो.

पनवेल-कर्जत लोकलचं काम सुरू आहे. चौक स्टेशनात लोकल थांबू लागली की नवी वस्ती येईल, नवं गिऱ्हाईक येईल, अशी आशा सगळ्यांना आहे, मलाही आहे. पण नव्या वस्तीबरोबर मोठी दुकानंही येतात. तोवर आजची दुकानं टिकायला हवीत, आणि ती टिकणं सरकारपेक्षा आपल्या हातात जास्त आहे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. येत्या पगाराला रिचार्ज मारण्याआधी तुमच्या दुकानात जा आणि ‘माझी बाकी किती?’ असं स्वतःहून विचारा. सगळी देता येत नसेल तर दोनशे द्या, पाचशे द्या आणि समोरच वहीत लिहून घ्या. ज्यांच्याकडे रोख पैसे आहेत त्यांनी महिन्याच्या किराण्यातला निदान अर्धा गावात घ्यावा. आणि कारखान्यांच्या अकाउंट्स विभागांत बसणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींनो, तुमच्या टेबलावर एखाद्या लहान पुरवठादाराचं बिल पडून असेल, तर ते या आठवड्यात सहीला पाठवा.